दूध पाहुण्यांना, पाणी पट्ट्यांना

"माझं यंत्र एक वेळ बंद पडेल, पण खोटं बोलणार नाही!" ताईंनी सकाळीच जाहीर करून टाकलं. ताई म्हणजे प्रयोगशाळेतल्या संशोधक. सगळ्यांच्याच ताई, अगदी साहेबांच्यासुद्धा!

तोरा मिरवावा असं कामही होतं म्हणा. प्रतिपिंड म्हणजे शरीरातला पोलीस; विषाणू दिसला की धरलाच! पण अख्खा पोलीस घडवणं बिचाऱ्या जिवाणूंच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून ताईंनी त्यांच्याकडून पोलिसाचा नुसता पकडणारा हात करून घेतला होता. त्यासाठी त्यांना खाऊपिऊ घातलं, गारव्यात ठेवलं, पोटच्या पोरांचे केले नसतील एवढे लाड केले. ते हात पट्टीवर बसवायचे, वर नमुन्याचा थेंब टाकायचा आणि पट्टी यंत्रात सरकवायची. विषाणू असला तर लाल दिवा, नसला तर हिरवा. आज तपासणीला येणाऱ्या समितीला पटलं तर यंत्र दवाखान्यांत जाणार. नाही पटलं तर काम बंद, आणि खोली शेजारच्या, बुरशीवर संशोधन करणाऱ्या बुरशीवाल्यांना! ते तर सकाळपासून खोली मोजायचा टेप घेऊन दारात घुटमळत होते.

"काका, पट्ट्यांना आंघोळ घातलीत ना?"

"घातली की!" प्रयोगशाळेतले जुने मदतनीस काका ठसक्यात म्हणाले.

समिती आली. चहाचे कप हातात आले. ताईंनी ऐटीत नळाच्या पाण्याचा थेंब टाकला. "आता बघा, हिरवा!"

लाल!

"नळाला लागण झालीय?" समितीतलं कुणीतरी म्हणालं.

ताईंनी उकळलेलं पाणी घेतलं. लाल! साखरेचं पाणी. लाल! शेवटी अध्यक्ष छाती काढून पुढे आले. "माझी लाळ घ्या. मी ठणठणीत आहे."

लाल!

अध्यक्ष मटकन खाली बसले. बाकीची समिती क्षणात भिंतीला जाऊन चिकटली. अध्यक्षांनी घरी फोन लावला, "अगं, मला लागण झालीय गं!"

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. दारातल्या बुरशीवाल्यांनी हळूच टेप उघडला. तेवढ्यात ताईंची नजर अध्यक्षांच्या कपावर गेली.

"काका, सकाळी तर दूध नासलं होतं. मग हा दुधाचा चहा कसला?"

"तुमच्या डब्यातली दुधाची पावडर कालवली. सगळी!"

"अहो, मग पट्ट्यांना?"

"पाण्यानं घातली की आंघोळ! पाहुण्यांना कोरा चहा द्यायचा आणि पट्ट्यांना दूध पाजायचं? शोभतं का ताई?"

ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. पट्टीवरच्या मोकळ्या जागा दुधानं भरून काढल्या नाहीत, तर तिथे वाट्टेल ते चिकटतं आणि यंत्र लाल लाल करत सुटतं. त्यांनी ट्रेमधलं उरलेलं दूध झडप घालून उचललं. "साखर घातलीत का यात?"

"छे! साखर वेगळी दिलीय."

जीव भांड्यात पडला! नव्या पट्ट्या दुधात भिजत पडल्या. तोवर अध्यक्ष एका कोपऱ्यात आणि समिती दुसऱ्या कोपऱ्यात. मग थेंब पडले. पाणी, हिरवा! विषाणूच्या निरुपद्रवी तुकड्याचा नमुना, लाल! अध्यक्षांची लाळ, हिरवा! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बुरशीवाले टेप गुंडाळून निघून गेले.

अध्यक्षांनी मंजुरीवर सही केली, तोच त्यांचा फोन वाजला. पलीकडून बायको तावातावानं बोलत होती. अख्ख्या खोलीला ऐकू गेलं.

"अहो, तुमची लागण ऐकून माझे दादा-वहिनी अर्ध्या वाटेतून परत फिरले! चांगले महिनाभर राहायला येत होते!"

"अरेरे!" अध्यक्ष म्हणाले. फोन ठेवला आणि ताईंना बाजूला घेतलं.

"ताई, तो मघाचा लाल निकाल जरा मेव्हण्याला पाठवता?"

"सर, माझं यंत्र खोटं बोलत नाही!" ताई ताठ मानेनं म्हणाल्या.

"नाही ना? मग यंत्रालाच एकदा बिनदुधाचं विचारा की!"