अण्णांची चाकं, काकींचा पाय

कुणी नवी गाडी घेतली की आमच्या विंझरमध्ये पेढे वाटतात. खंडूअण्णा पेढा हातात धरतात आणि विचारतात, "थांबती का?" समोरचा मायलेज सांगू लागला की वैतागतात. "पळती सगळीच रं. थांबती का ते सांग." उत्तर पटल्याशिवाय पेढा तोंडात जात नाही. एकदा तर वरातीतल्या नवरदेवालाही विचारलं. बिचारा घोडेवाल्याच्या तोंडाकडं बघत बसला.

अण्णा माझे शेजारी. माझ्या खताच्या दुकानाची भिंत संपली की त्यांचं अंगण. उभी हयात त्यांनी भोरला मोटार शिकवण्यात घालवली. त्या क्लासातली गोल नाकाची जुनी गाडी आता अंगणात असते. पुढची सीट बाकासारखी एकसंध, आणि चारी चाकांना ड्रमचे जुने ब्रेक. आतून ड्रमला घासून चाक धरणारे शू झिजले की पाना घेऊन गाडीखाली शिरायचं आणि ते पुन्हा ड्रमजवळ आणायचे. लोक हे काम अधूनमधून करतात. अण्णा दर शनिवारी करायचे. खाली हातानं चाक फिरवून बघणारे अण्णा, वर ब्रेकवर पाय ठेवून शेवंताकाकी.

"दाब!"

"दाबला!"

"सोड! आगं, मनापासून दाब की!"

"मनापासून तर लगीन केलं, त्याचं काय झालं?"

लग्न झाल्यापासूनचा हा संवाद. हसून हसून माझ्या हातातला तराजू हलायचा.

एका शनिवारी मात्र अण्णा गाडीखालून निघाले ते थेट दुकानात आले. चेहरा उतरलेला.

"तुज्या काकीचा गुडगा गेला रं."

"काकी म्हणाल्या?"

"ती कशाला म्हनतीया! म्या दाब म्हनलं की चाक जागीच धरायचं. आता उशिरा धरतंय, आन धरलं तरी हलतंय. पाय कापतोय तिचा."

मी थक्कच झालो. दुसऱ्या दिवशी ते काकींना भोरला डॉक्टरकडं घेऊन गेले. गुडघाच निघाला.

मग अण्णांच्या डोक्यात आपलेआपण जुळणारे ब्रेक शिरले. भंगारातल्या टेम्पोच्या चाकांमधून दातेरी चकऱ्या, स्प्रिंगा, पट्ट्या काढून आणल्या. त्या या गाडीला कशा बसणार? अण्णा घासत बसले. अख्खा उन्हाळा कानशीचा आवाज ऐकत मी खत विकलं. शू झिजला आणि गाडी मागं घेताना ब्रेक दाबला, की पट्टी चकरीचा एक दात पुढं सरकवणार आणि शू आपोआप जवळ येणार. ना पाना, ना काकींचा पाय.

म्हणजे आता गाडी उलटी चालवणं आलं! अण्णांनी भर गावातून एसटीच्या थांब्यापर्यंत गाडी उलटी नेली. जरा मागं, दाब ब्रेक. जरा मागं, दाब ब्रेक. समोरून एक धनगर मेंढरं घेऊन येत होता. त्यानं मेंढरं आवरली. "अण्णा, तोंड कुठल्या अंगाला हाय गाडीचं?"

मग उतारावरून अण्णा गाडी सुसाट घेऊन आले आणि ब्रेकवर पाय ठेवला. स्टेअरिंगवरचे दोन्ही हात वर! गाडी जागच्या जागी थांबली, जराही वाकडी न होता. चेष्टा करायला जमलो होतो, टाळ्या वाजवून बसलो. मी तर हातच जोडले.

पुढच्या शनिवारी काकी सवयीनं पदर खोचून बाहेर आल्या.

"आता तुजं काम न्हाई," अण्णा ऐटीत म्हणाले. "आपलंआपण जुळतंय. तू निवांत बस."

"बरं झालं," काकी म्हणाल्या आणि आत गेल्या. ते 'बरं झालं' मला दुकानात ऐकू आलं, आणि काही बरं वाटलं नाही.

त्यानंतरचे शनिवार सुने गेले. काकी आत तांदूळ निवडत बसायच्या, अण्णा पुसलेलीच काच पुन्हा पुसायचे. एक गिऱ्हाईक नव्या ट्रॅक्टरचा पेढा घेऊन आलं. अण्णांनी काही न विचारता तो खाल्ला.

नंतरच्या शनिवारी बघतो तर मागची दोन्ही चाकं काढलेली, आणि उन्हाळाभर घासलेल्या पट्ट्या अण्णा स्वतःच्या हातानं उतरवत होते.

"बिघडलं काय, अण्णा?"

"बिगडतंय कशाला! पर पुढची दोन ऱ्हाऊ दे आपलीआपण. मागची जुनीच बरी." चाकं परत चढवली, मग दाराकडं तोंड करून ओरडले, "आगं ए! मागलं चाक ऐकंना झालंय. ये की जरा!"

काकी दारातच उभ्या असाव्यात. "म्या म्हनलंच हुतं, मानूस लागतंच," म्हणत आल्या. अण्णांनी त्यांना सीटवर आडवं बसवलं, दुखऱ्या गुडघ्याखाली उशी दिली, आणि धड असलेला डावा पाय ब्रेकवर ठेवला. मग खाली शिरले.

"दाब!"

"दाबला!"

मी वाकून पाहिलं. पाना बाजूला पडला होता. अण्णा डोळे मिटून पडले होते आणि त्यांचा तळवा चाकावर होता.

"हलत न्हाई बग आता," ते मला हळूच म्हणाले.

"सोडू का?" काकींनी वरून विचारलं.

"थांब की जरा," अण्णा म्हणाले.