निकेलचा कोट

रविवारी सकाळी कवळीवाल्याने बायकोला आपला बेत ऐकवला. अकराला दादाकडे पोचायचं. पाच मिनिटं तब्येतीची चौकशी, दहा मिनिटं जुन्या आठवणी, अगदीच गरज पडली तर डोळ्यांत पाणी, आणि साडेबाराच्या आत पिस्तूल पिशवीत घालून घरी. काही अवघड नाही!

“सख्खा भाऊ शेवटच्या घटका मोजतोय,” बायको म्हणाली, “आणि तुम्ही रिकामी पिशवी घेऊन निघालात. निदान फळं तरी घाला तिच्यात.”

त्याने चार सफरचंदं घातली. पिस्तूल गुंडाळायला घेतलेलं मऊ फडकं सफरचंदांच्या खाली दडवलं आणि निघाला.

आता हा काय प्रकार आहे, ते सांगायला हवं. कवळीवाल्याचा धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा. पण जीव गुंतला होता तो जुन्या पिस्तुलांत. बैठकीच्या खोलीत त्याचं काचेचं कपाट होतं आणि त्यात सात पिस्तुलं. सहा होती टोपीची, म्हणजे घोडा तांब्याच्या इवल्याशा टोपीवर आपटला की बार उडायचा. सातवं मात्र त्याहून जुनं, चकमकीचं. त्याच्या घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा धरलेला होता. दोनशे वर्षांत लोखंडाला तांबूस-काळपट रंग चढला होता, कडेच्या पत्र्यावर कारागिराने आपलं नाव केसासारख्या बारीक अक्षरांत कोरलं होतं आणि एकाही स्क्रूची खाच दुखावलेली नव्हती. अशा पिस्तुलावरचा मळसुद्धा खरा जाणकार पुसत नाही. कवळीवाला ते हातात घेण्याआधी हात धुवायचा, जेवायच्या आधी धुवायचा नाही.

पण हे पिस्तूल जोडीतलं होतं. वडिलांनी जाताना न्याय केला आणि एकेक मुलाला एकेक देऊन टाकलं. धाकटा म्हणाला, तुला यातलं काय कळतं, तुझं मला दे. थोरला म्हणाला, मी मोठा, तुझं मला दे. त्यावरून जी जुंपली, ती एकोणीस वर्षं. दोघांच्या घरांत चार गल्ल्यांचं अंतर होतं आणि दोघेही भाजीला जाताना एकमेकांचं दार टाळायला पाचव्या गल्लीतून जायचे.

दादाचा निकेल चढवायचा कारखाना होता. नळ, मोटारींचे बंपर, स्पर्धांचे कप, काहीही गंजलेलं आणा, दादा आरशासारखं करून द्यायचा. तीस वर्षं ॲसिडाच्या टाक्यांवर वाकून त्याने फुप्फुसांची वाट लावून घेतली होती. आता डॉक्टरांनी फार तर आठवडा दिला होता. दादाला मूलबाळ नाही आणि तो गेल्यावर वहिनी ते पिस्तूल भंगारात देईल, या काळजीने कवळीवाल्याची झोप उडाली होती. भावाच्या काळजीने उडाली असती तर बरं दिसलं असतं, पण खरं ते असं होतं.

दार वहिनीने उघडलं. “आता आणखी उशीर करण्यात अर्थ नाही, म्हणून आलो,” कवळीवाला म्हणाला. त्याच्या मनात होतं पिस्तूल. वहिनीला वाटलं, एकोणीस वर्षांचा अबोला संपला. ती दारातच रडायला लागली आणि त्याच्या हातातली पिशवी घेऊन आत गेली. फडकंही गेलं.

दादा खिडकीजवळच्या खाटेवर उशांना टेकून बसला होता. नाकात नळी, शेजारी प्राणवायूची टाकी. एकेकाळी दोन हातांत दोन बंपर उचलणारा माणूस निम्मा उरला होता. कवळीवाल्याने आधी त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच खोलीभर नजर फिरवली. पिस्तूल कुठे दिसेना. आठवणींची दहा मिनिटं तीनच मिनिटांत उरकली, कारण एकोणीस वर्षांच्या आठवणीच नव्हत्या.

“मला ठाऊक होतं,” दादा तीन-तीन शब्दांनी श्वास घेत म्हणाला, “तू येशील. तुझ्यासाठी... करून ठेवलंय.” त्याने खूण केली. वहिनीने कपाटातून एक खोका आणला.

कवळीवाल्याने झाकण काढलं आणि त्याला स्वतःचा चेहरा दिसला.

दादाने पिस्तुलाला निकेल चढवलं होतं. घोडा, नळी, चाप, सगळं न्हाणीघरातल्या नव्या नळासारखं झगझगत होतं. कारागिराचं नाव घासून साफ झालं होतं. स्क्रू तर नवेच होते, चक्क दुकानातले! दोनशे वर्षांचं काही म्हणता काही शिल्लक नव्हतं. त्याच्या घशातून एक चमत्कारिक आवाज निघाला.

“कंठ दाटून आला बघा,” वहिनी म्हणाली.

मग तिनेच हकिकत सांगितली. डॉक्टरांनी कारखान्यात पाऊल टाकायला बंदी केली होती. तरी हे गेले. फोरमनलाही हात लावू दिला नाही. आधी बफाच्या फिरत्या चाकावर घासलं, मग तांब्याचा कोट, मग निकेल, मग परत बफ. दोन दिवस खपले. तिसऱ्या दिवशी उचलून आणावं लागलं, ते खाटेवरच. धाकट्याला द्यायचं तर असं गंजकं कसं द्यायचं, हे एकच घेऊन बसले होते.

कवळीवाला नव्या दातांना पिवळट छटा देऊन ते जुने दाखवण्यात आयुष्य घालवलेला माणूस. त्याने या चमचमाटावरून एकदा बोट फिरवलं. मग तो म्हणाला, “छान झालंय, दादा.” एकोणीस वर्षांतलं भावाशी बोललेलं हे पहिलं धड वाक्य, आणि तेही खोटं.

दादाचा चेहरा उजळला. “तुझं आण,” तो म्हणाला. “जोडी आहे. एक चकचकीत... एक मळकं... बरं दिसतं का?”

कवळीवाला हो म्हणून घरी आला आणि कपाटाला कुलूप घातलं. डॉक्टरांनी आठवडा दिलाय ना? मग आठवडा काढायचा. सोमवारी त्याने सांगितलं, कपाटाची किल्ली सापडत नाही. मंगळवारी किल्लीवाला आजारी होता. बुधवारी किल्ली सापडली, पण कुलूप गंजलं. गंज म्हटल्यावर दादाने लगेच कुलूपही घेऊन यायला सांगितलं. गुरुवारी फोरमनचा फोन आला, टाकी गरम ठेवलीय, कधी येताय? शनिवारी खुद्द डॉक्टर दुकानात आले. कवळीचं माप द्यायचं असेल म्हणून कवळीवाल्याने खुर्ची पुढे केली, तर ते म्हणाले, तुमच्या भावाचं तेवढं पिस्तुलाचं काम उरकून टाका. आठवडा उलटला. दादा काही जायचं नाव घेईना.

दहाव्या दिवशी वहिनी आली. तो एका कवळीचा सुळा कानशीने घासत होता.

“भाऊजी,” ती उभ्यानेच म्हणाली, “त्यांना आता घोटभर पाणीही जात नाही. रात्रंदिवस तडफडतायत. डॉक्टर म्हणतात, हे अजून कसे आहेत तेच कळत नाही. मला कळतं. जीव अडकलाय त्यांचा. तुमचं पिस्तूल बघितल्याशिवाय सुटायचे नाहीत.”

तिने विनवलं नाही, रडलीही नाही. त्याने कानस आणि कवळी खाली ठेवली. दहा दिवस आपण भावाच्या मरणाची वाट बघतोय, एका लोखंडाच्या तुकड्यासाठी, हे त्याला स्वच्छ दिसलं आणि स्वतःची किळस आली.

तासाभरात तो कारखान्यात होता. स्क्रू त्याने फोरमनला काढू दिले नाहीत, स्वतः काढले, खाचा दुखावू नयेत म्हणून श्वास रोखून. पाच मिनिटांत तेच स्क्रू ॲसिडात जाणार होते, पण हाताची सवय. फोरमनने कडेचा पत्रा बफावर धरला. कारागिराचं नाव आधी पुसट झालं, मग शेवटची दोन अक्षरं राहिली, मग तीही गेली. कवळीवाला बघत राहिला. तोंड फिरवलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं.

संध्याकाळी दोन्ही पिस्तुलं त्याने दादाच्या मांडीवर ठेवली. दादाने धाकट्याचं उचलायचा प्रयत्न केला, जमेना, तेव्हा कवळीवाल्याने खालून हात लावला. दोघा भावांनी मिळून ते उजेडात धरलं. दादाने डोळे बारीक केले, नळीवरून अंगठा फिरवला. वहिनीने पदराचं टोक तोंडाला लावलं. आता सुटतील, असं सगळ्यांना वाटलं.

“पातळ,” दादा म्हणाला.

“काय?”

“कोट पातळ बसलाय. माझंच चांगलं आहे.” थोडा दम घेऊन त्याने पुढचं सांगितलं. “परत टाक.”

कवळीवाल्याला हसूही आलं आणि रडूही. एकोणीस वर्षं या पिस्तुलांवरूनच वाद होता आणि दादा जाता जाताही तो जिंकूनच जाणार होता. पण अंगठा फिरवून पाहिल्यावर त्यालाही कळलं, दादाचं खरं आहे. पातळच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोरमनने नळी पुन्हा ॲसिडात बुचकळली आणि तारेला टांगून निकेलच्या टाकीत सोडली. पंधरा मिनिटं झाली असतील, तेव्हा वहिनीचा फोन आला. कवळीवाल्याने ऐकून घेतलं, फोन खिशात ठेवला आणि टाकीपाशी येऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून फोरमन समजला. तोही तीस वर्षं दादाच्या हाताखाली होता. त्याने डोळे पुसले, हातमोजे चढवले आणि तार धरली.

“काढू का बाहेर? तुम्हाला निघायचं असेल.”

“राहू दे,” कवळीवाला म्हणाला. “पूर्ण वेळ होऊ दे. दादाला पातळ चालत नाही.”

दोघेही टाकीच्या काठाशी उभे राहिले. वीस मिनिटांनी फोरमनने नळी वर काढली, पाण्याखाली धुतली आणि त्याच्या हातात दिली. या खेपेला कोट चांगला जाड बसला होता.