सासूबाईंच्या दाताचा खरा रंग

दातवाल्यांचं नवा फोन घ्यायचं आठ महिन्यांपासून चाललं होतं. आठ महिन्यांत माणूस घर बदलतो, नोकरी बदलतो, पण दातवाल्यांना फोन बदलता येत नव्हता. त्यासाठी त्यांनी शंभर पानी वही घातली होती. एका रकान्यात एलसीडी स्क्रीन, दुसऱ्यात ओएलईडी आणि मधल्या रकान्यात ‘परंतु’. मधला रकाना सगळ्यात आधी भरला आणि त्याला जादा पानं जोडावी लागली. रोज जेवताना ते बायकोला कुठल्या स्क्रीनमध्ये काळा रंग जास्त काळा दिसतो ते सांगत, आणि बायको भात वाढता वाढता म्हणे, “दिसू दे हो.”

दातवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. ते दात बनवतात. दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, आणि हे घराच्या पुढच्या खोलीत बसून त्या मापाचा दात घडवतात, भट्टीत भाजतात, शेजारच्या दातांशी रंग जुळवून परत पाठवतात. दाताचा रंग पांढरा असतो असं कुणी म्हटलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्यांच्याकडे सोळा छटांची एक पट्टी आहे, तिच्यावर नमुन्याचे सोळा दात ओळीने बसवलेत. हल्ली डॉक्टर लोक रुग्णाच्या दाताचा फोटोच पाठवतात, आणि यांच्या फोनची स्क्रीन म्हातारी झाल्यामुळे यांना सगळ्या गावाचे दात पिवळे दिसतात. गेल्या महिन्यात एका वकिलाचा दात त्यापायी इतका पिवळा झाला की डॉक्टरांनी तो चिठ्ठीसकट परत पाठवला. चिठ्ठीत काय लिहिलं होतं ते इथे सांगण्यासारखं नाही.

अशात बुधवारी सकाळी त्यांच्याच घरी राहणाऱ्या सासूबाईंचा दात तुटला. वरचा, अगदी समोरचा. सासूबाई छत्तीस वर्षं शाळेत होत्या, त्यातली शेवटची बारा मुख्याध्यापिका. पेन तोंडात घालू नका, हे त्यांनी किती हजार मुलांना सांगितलं असेल त्याची गणती नाही. त्याच सासूबाई भाषण लिहिताना पेनाचं टोपण दातांनी ओढायला गेल्या, आणि टोपण जिथल्या तिथे राहून अर्धा दात हातात आला.

भाषण होतं रविवारच्या मेळाव्याचं. शाळेचे सगळे जुने विद्यार्थी जमणार होते आणि अध्यक्ष सासूबाई. डॉक्टरांनी त्याच दिवशी उरलेला दात घासून माप घेतलं आणि शनिवारी कॅप बसवू म्हणाले. पण सासूबाईंचा धीर सुटला होता. तोंडावर रुमाल धरून त्या लेकीला, म्हणजे दातवाल्यांच्या बायकोला, म्हणाल्या, “ज्यांना मी वर्गात कधी हसू दिलं नाही ना, ती सगळी मिळून आता मला हसतील. दात ओळखू येणार नाही असा झाला तर जाईन. नाहीतर ताप आलाय म्हणून कळवून टाक.”

ज्या बाईंना बघून शाळेतला शिपाईसुद्धा सरळ चालायचा त्या आता कॉटवर अंग चोरून बसल्या होत्या. लेकीला ते बघवेना.

आता तुम्ही म्हणाल, दात बनवणारा जावई घरातच, मग अडलं कुठे? तेच सांगतोय. डॉक्टरांनी साचा पाठवला, पण छटा लिहिली नाही. दातवाल्यांनी फोन केला तर डॉक्टर म्हणाले, “अहो, त्या तुमच्याच ताटाशेजारी जेवायला बसतात आणि त्यांच्या दाताचा रंग तुम्ही मला विचारता?” आणि त्यांनी फोन ठेवला.

दातवाले पट्टी घेऊन सासूबाईंच्या खोलीशी गेले.

“आई, जरा तोंड उघडता का?”

“जावयापुढे तोंड वासू?” रुमालाआडून आवाज आला. “अजून तेवढी वेळ आलेली नाही.”

“अहो, मी रोज दहा जणांचे दात बघतो.”

“मग अकरावा बघायची हौस कशाला?”

शेवटी बायको पट्टी घेऊन आत गेली आणि अर्ध्या मिनिटात बाहेर आली. “लिहा, पांढरा.”

“अगं, सोळातला कितवा?”

“सोळाही पांढरेच आहेत.”

“तिसरा लालसर आहे. सातवा राखाडी आहे. तुला दिसत नाही?”

“मला तुम्ही दिसताय, तेवढं पुरे आहे,” बायको म्हणाली.

मग तोडगा निघाला. सासूबाई बाथरूममध्ये गेल्या, कडी लावली, दाताचा फोटो काढला आणि लेकीला पाठवला. लेकीने नवऱ्याला पाठवला. दातवाल्यांच्या फोनवर दात पिवळेधमक. बायकोच्या फोनवर निळसर. सासूबाईंच्या स्वतःच्या फोनवर तांबूस, कारण डोळ्यांना त्रास नको म्हणून त्या स्क्रीनचा उजेड कायम तांबडा ठेवतात. एकाच बाईचे एकाच वेळचे दात, आणि तीन फोनवर तीन तऱ्हा. दातवाले डोकं धरून बसले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

“आता मात्र नवा फोन घ्यावाच लागणार.”

“आठ महिन्यांत झालं नाही ते आज होणार आहे?”

“खरा रंग दाखवणारी स्क्रीन मिळाल्याशिवाय दात होत नाही. आईंसाठी घेतोय मी.”

“आईचं नाव पुढे करू नका,” बायको म्हणाली. “चार वाजेपर्यंत परत या. नाही आलात तर मी तिकडे येईन.”

गुरुवारी दुपारी दातवाले वही, पट्टी आणि फोटो घेऊन मोठ्या रस्त्यावरच्या फोनच्या दुकानात शिरले. त्यांना पाहताच दुकानदाराने हातातला डबा बंद करून ठेवला. आज जेवण होत नाही हे त्याला अनुभवाने कळत होतं. चाळिशी उलटलेला, टक्कल पडलेला सज्जन माणूस, आणि आठ महिन्यांत त्याने दातवाल्यांना एक काचेचं कव्हरसुद्धा विकलं नव्हतं.

“साहेब, परत सांगतो,” तो म्हणाला. “एलसीडीला मागून दिवा असतो. रंग बेताचे, पण स्वस्त. ओएलईडीत एकेक ठिपका स्वतः पेटतो. काळं ते काळंकुट्ट, रंग कसे भडक. घ्या आणि मोकळे व्हा.”

“भडक नको. खरा पाहिजे.”

“खरा रंग कोण बघतं? लोकांना छान रंग लागतो.”

“मला दात बघायचाय.”

दुकानदाराने काउंटरवर सहा फोन मांडले. दातवाल्यांनी सहाही फोनवर सासूबाईंचा फोटो चढवला आणि वहीत टिपणं सुरू केली. पहिल्यात दात खडूसारखे. दुसऱ्यात जरा मळकट. तिसऱ्यात असे चकचकीत की तुटलेला दातसुद्धा मुद्दाम तोडून घेतल्यासारखा वाटावा. चौथा सरळ पाहिला तर बरा, तिरका केला की दात हिरवे. दातवाले फोन तिरके करत, उजेडात नेत, सावलीत आणत, आणि दर वेळी म्हणत, “परंतु.” असा तास गेला. दुकानदाराच्या पोटात कावळे ओरडत होते.

“हा तिसरा जरा मोठा करून दाखवता?” दातवाले म्हणाले.

“दाखवतो. पाहिजे तेवढा मोठा करतो,” दुकानदार म्हणाला आणि वैतागाने कुठलंतरी बटण दाबलं.

तो तिसरा फोन दुकानाच्या दर्शनी काचेतल्या मोठ्या टीव्हीला जोडलेला होता. टीव्हीचं तोंड रस्त्याकडे. एरवी त्यावर दिवसभर धबधबा पडत असे. धबधबा थांबला आणि त्या जागी सासूबाईंचं तोंड आलं. एकेक दात विटेएवढा, आणि मधोमध खिंडार. आत या दोघांना टीव्हीची पाठ तेवढी दिसत होती, त्यामुळे दोघे निवांत.

रस्त्यावर माणसं थांबू लागली.

“कसली जाहिरात आहे?”

“टूथपेस्टची असेल.”

“मग तुटका दात कशाला दाखवतील?”

“ही आधीची अवस्था. नंतरची दाखवतील, थांब.”

झालं. नंतरची अवस्था बघायला पंचवीस माणसं उभी राहिली. दुकानदाराने काचेतून गर्दी पाहिली आणि खूश होऊन म्हणाला, “तुमचा पायगुण चांगला दिसतोय, साहेब.”

चार वाजून गेले. ठरल्याप्रमाणे बायको निघाली. सासूबाईंच्या चष्म्याची काडी सैल झाली होती आणि चष्म्याचं दुकान त्याच रस्त्यावर, म्हणून रुमाल तोंडाशी धरून त्याही निघाल्या. गर्दी पाहून थांबल्या. टीव्हीकडे पाहिलं. परकं तोंड समजून पुढे जाणार, इतक्यात त्या तोंडाच्या कडेला त्यांना आपला हिरवा टॉवेल दिसला. बाथरूमच्या खुंटीवरचा.

सासूबाई दुकानाच्या दारात उभ्या राहिल्या. “जावईबापू, बाहेर या.”

आवाज चढवला नव्हता. तरी दातवाले वही मिटून मुकाट बाहेर आले. टीव्ही पाहिला आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

“आई, मला खरंच माहीत नव्हतं—”

“कडी लावून काढलेला फोटो तुम्ही चव्हाट्यावर टांगलात?” सासूबाईंच्या तोंडावरचा रुमाल केव्हाच सुटला होता. “बाजारात मांडलंत मला. अब्रू म्हणून काही राहू दिलीत? छत्तीस वर्षं ज्या गावात मान खाली घातली नाही—”

त्या बोलत होत्या. दुपारचं स्वच्छ ऊन समोरून त्यांच्या चेहऱ्यावर पडलं होतं, आणि तोंड पुरतं उघडं होतं. दातवाल्यांना पुढचं ऐकू येईना. हात आपोआप खिशात गेला. त्यांनी पट्टी काढली आणि सासूबाईंच्या ओठांशी धरली.

“बोला, आई. थांबू नका.”

“बाजूला व्हा!”

“‘ब’ला ओठ मिटतात. जरा मोठ्याने ओरडा.”

सासूबाई ओरडल्याच. दातवाले पुटपुटत राहिले, “छटा ए-तीन. मुळाशी किंचित तांबूस, कडेला राखाडी.” बायकोने कपाळावर हात मारला. नंतरची अवस्था बघायला थांबलेल्या लोकांना वाटलं, ती हीच.

गलका ऐकून दुकानदार बाहेर आला. त्याने सासूबाईंचा आवाज ऐकला आणि त्याचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले.

“बाई, तुम्ही? मी खिडकीजवळच्या बाकावरचा. तीन वर्षं होतो तुमच्या वर्गात.” मग त्याने एकदा टीव्हीकडे पाहिलं. “दात तुमचे आहेत होय. ओळखलेच नाहीत. आम्हाला कधी दिसले नव्हते ना.”

“अजून बघायचेत?”

“नाही, बाई.”

“मग बंद कर ते.”

तो पळत आत गेला. गडबडीत आधी चित्र आणखी मोठं झालं, मग धबधबा आला.

“रविवारी येणार आहेस?” सासूबाईंनी विचारलं.

“येणार तर.”

सासूबाई तडक वळल्या. घरी येऊन त्यांनी भाषणाचे कागद कपाटात ठेवून दिले आणि लेकीला म्हणाल्या, “ताप आलाय म्हणून कळव.”

दातवाल्यांना फार वाईट वाटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रात्री त्यांनी ती शंभर पानी वही रद्दीत टाकली आणि शुक्रवारी सकाळी भट्टी लावली. पहिला दात त्यांनी स्वतःच नापसंत केला, दुसराही केला. एरवी ते दातावर इतका वेळ घालवत नाहीत. दुपारी बायको कुठेशी जाऊन दहा मिनिटांत परत आली आणि तिने त्यांच्यासमोर एक खोकं ठेवलं. नवा फोन.

“स्क्रीन कुठली आहे?” त्यांनी न राहवून विचारलं.

“काचेची,” बायको म्हणाली. “दात करा.”

तिसरा दात शुक्रवारी संध्याकाळी झाला. शनिवारी डॉक्टरांनी तो बसवला. सासूबाई घरी येऊन आरशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. खिडकीशी नेऊन आरसा पाहिला, दिव्याखाली पाहिला. लेकीने हळूच विचारलं, “काय गं, उद्या ताप आहे का?”

“बघू,” त्या म्हणाल्या. जरा वेळाने कपाट उघडल्याचा आवाज आला.

रविवारी सभागृह भरलं होतं. दुकानदाराने कुणालाच सांगितलं नव्हतं, असं तो आजही छातीवर हात ठेवून सांगतो. पण सासूबाई माइकपाशी उभ्या राहिल्या आणि तीनशे माणसं त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं सोडून तोंडाकडे बघू लागली. मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. तिसऱ्या रांगेत दातवाल्यांना घाम फुटला. बायकोने त्यांचा हात घट्ट धरला, आईच्या काळजीने की त्यांनी उठून पळू नये म्हणून, कोण जाणे.

सासूबाईंनी कागद खाली ठेवले. टेबलावर हात आपटला. सभागृह चिडीचूप.

“कोण काय बघतंय ते मला कळतंय,” त्या म्हणाल्या. “माझा एक दात खोटा आहे. कुठला ते ओळखा. एकेकाने वर यायचं. ओळीने. ढकलाढकली नको.”

आणि छत्तीस वर्षांच्या शिस्तीने माणसं खरोखर ओळीने वर आली. एक इंजिनियर, दोन डॉक्टर, एक नगरसेवक, एका नातवाला कडेवर घेतलेली आजी. सासूबाई सगळ्यांपुढे तोंड उघडून उभ्या, आणि प्रत्येकजण वाकून, चष्मा वर करून निरखत होता. कुणी सुळा दाखवला, कुणी त्याच्या अलीकडचा, एकाने तर खालचा. राहवेना म्हणून दातवालेही उठले.

“तुम्ही बसा,” सासूबाई म्हणाल्या. “पेपर तुम्हीच काढलाय.”

सगळ्यात शेवटी दुकानदार आला, छाती काढून. “हा, बाई. माझ्या उजव्या हाताचा. मी टीव्हीवर पाहिलाय.”

पण बाथरूमातला तो फोटो सासूबाईंनी फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढला होता, त्यात सगळं आरशासारखं उलटं. खोटा दात त्याच्या डाव्या हाताचा होता.

सासूबाईंनी तोंड मिटलं, माइक जवळ ओढला आणि समोरच्या तीनशे जणांकडे एकदा नजर फिरवली.

“सगळे नापास,” त्या म्हणाल्या, आणि त्या शाळेत हा निकाल सांगताना पहिल्यांदाच दात दिसेपर्यंत हसल्या.