खिशातली चौथी नळी

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. रक्त तपासण्याच्या कामात मला बावीस वर्षं झाली, आणि माझ्या नळीत पेशींची गुठळी कधी म्हणजे कधी झाली नाही. आमच्या मोजणीच्या यंत्राला पेशी सुट्ट्या लागतात. दोन पेशी चिकटल्या की यंत्र त्यांना एकच मोजतं, आणि साहेब मला दोन शब्द जास्त सुनावतात. म्हणून मी ही वेळच येऊ देत नाही.

तेव्हा भाचीनं विचारलं, "मामा, परवा परीक्षक माझा प्रयोग बघायला येणार आहेत. मदतीला येशील?" तर मी म्हणालो, "तू निर्धास्त राहा. तुझा मामा काय आज या धंद्यात आलाय?"

बायको आतून म्हणाली, "ती सांगेल तेवढंच करा हो."

मी तिकडे लक्ष दिलं नाही.

भाचीची पाच वर्षांची मेहनत पणाला लागली होती. परीक्षकांना प्रयोग डोळ्यांनी दिसला तर पदवी, नाहीतर आणखी एक वर्ष. त्या दिवशी तिच्या प्रयोगशाळेत रक्त तिनं माझंच घेतलं. त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून चार नळ्यांत भरल्या, वर कसलंसं औषध घातलं आणि मला समजावू लागली. पांढऱ्या पेशींच्या अंगावर म्हणे चिकट रेणू असतात, एरवी ते झोपलेले असतात, जंतूंची चाहूल लागली की जागे होतात. मी आपला "हो हो" करत होतो. माझा जीव तिच्या नव्या सूक्ष्मदर्शकात अडकला होता.

"मी परीक्षकांना आणायला फाटकावर जाते," ती म्हणाली. "तू फक्त नळ्यांवर लक्ष ठेव."

"ठेवतो की."

दहा मिनिटांनी न राहवून पहिल्या नळीतला थेंब काचपट्टीवर घेऊन पाहिला. पेशी एकमेकींना बिलगून बसल्या होत्या, बसच्या दाराशी माणसं लोंबकळतात तशा. रक्त माझं, राखणीला मी, आणि नळीत गुठळ्या! पोरीचं वर्ष माझ्यामुळे जाणार, एवढंच मला कळत होतं.

सुदैवानं कपाटात जांभळ्या बुचाच्या नळ्या होत्या. त्यांत रक्त गोठू न देणारं औषध असतं. आमच्याकडे सगळ्या दुखण्यांवर तेच. मी त्याचा पातळ द्राव केला, पहिल्या नळीत चार थेंब टाकले आणि हलक्या हातानं ती हलवली. पेशी सुटल्या. दुसरी सुटली, तिसरीही सुटली. चौथीला हात घालतोय तोच बाहेर व्हरांड्यात पावलं वाजली. मी ती कोटाच्या खिशात टाकली.

परीक्षक आत आले. पंधरा-वीस मिनिटं ते भाचीच्या वह्याच चाळत बसले. मी धास्तीनं या पायावरून त्या पायावर डोलत उभा होतो.

मग भाचीनं पहिल्या नळीचा थेंब पाहिला. मग दुसरीचा. तिसरीचा पाहून ती माझ्याकडे वळली.

"मामा, यांत गुठळ्या नाहीत."

"एकही नाही," मी छाती काढून म्हणालो. "होत्या, मी मोडल्या."

ती स्टुलावर बसली. "अरे मामा, मला त्याच दाखवायच्या होत्या. पाच वर्षं मी औषधानं ते रेणू जागे करून गुठळ्याच करतेय."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. परीक्षकांनी वही मिटली.

"साहेब, एक राहिलीय," मी म्हणालो आणि खिशातून चौथी नळी काढली.

परीक्षकांनी तिचा थेंब बराच वेळ पाहिला. नंतर भाचीनं पाहिला. "एवढ्या मोठ्या मला कधी जमल्या नव्हत्या," ती पुटपुटली.

"पण त्या तुमच्या रेणूंमुळेच झाल्या कशावरून?" परीक्षकांनी विचारलं. "मेलेल्या पेशीही चिकटतात."

भाचीनं त्या तीन नळ्यांकडे पाहिलं आणि ती ताठ उभी राहिली. "या रेणूंना पकड घ्यायला मॅग्नेशियम लागतं. मामाचं औषध नेमकं तेच काढून घेतं. मेलेल्या पेशी अशा सहज सुटल्या नसत्या. मामा, चौथ्या नळीतही तुझ्या औषधाचे थेंब टाक."

मी टाकले. परीक्षक सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. पाच मिनिटांनी "सुटल्या," म्हणत त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि सही केली.

महिनाभरानं भाचीचा प्रबंध छापून घरी आला. मी माझं नाव शोधायला कृतीचं प्रकरण उघडलं. तिथं लिहिलं होतं, 'पेशी शरीराच्या तापमानाला, कापडी आवरणात, मंद हालचालीत वीस मिनिटं ठेवल्या.'

"कापडी आवरण म्हणजे माझा खिसा," मी बायकोला सांगितलं.

"कळलं," ती म्हणाली. "आणि मंद हालचाल म्हणजे तुमची थरथर."