तीन टिपके

संध्याकाळचे साडेसहा वाजले, की सोनपेठच्या आमच्या गल्लीत आरोळी उठायची, "अटकलं! संजू, पुन्हा अटकलं बघ!"

हे आमचे शेजारी नाना. तहसील कचेरीतले निवृत्त कारकून, एकटेच राहतात. फोन आठ-नऊ वर्षांचा, काचेला तडा, पाठीला रबरबँड. त्यातली सिस्टीम इतकी जुनी, की मेसेजचं अ‍ॅप उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा. अडलं की नाना पुण्याच्या संजूला, म्हणजे मुलाला, फोन लावत आणि ओट्यावर बसून स्पीकरवर बोलत.

"नाना, वर उजवीकडे तीन टिपके दिसतात का?"

"कोणचे टिपके? हितं तर काईच न्हाई. ते ऱ्हाऊ दे, जेवलास का?"

टिपके सापडायला रोज अर्धा तास लागायचा. तेवढ्यात सुनेचा खोकला, नातीची परीक्षा, पुण्यातलं पाणी, सगळं विचारून व्हायचं. गल्लीला ते टिपके तोंडपाठ झाले होते. कोपऱ्यावर भाजी विकणारी कमलबाई तर तिथूनच ओरडायची, "नाना, वर उजव्या हाताला बघा की!" नाना तिच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघायचे. मला मात्र त्यांचा राग यायचा. मी शिक्षक, रोज तोच धडा विसरणारा विद्यार्थी दिसला, की माझं डोकं फिरतं.

एकदा माझ्याच फोनवर मेसेज यायचे बंद झाले. नाना सहज आले होते. त्यांनी फोन घेतला, टिपके दाबले, साठलेले सुप्रभात उडवले, अ‍ॅप नवं करून हातात दिलं. दोन मिनिटांत! मी बघतच राहिलो.

"नाना, तुम्हाला येतं हे?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. "संजूला बोलू नका, सर. चांगलं चालायलंय म्हणलं की पोरगं 'बरं, ठेवतो' म्हणतंय. बिघडलं तरच बोलतंय."

मला माझ्या रागाची लाज वाटली.

दिवाळीच्या आधी अ‍ॅपनेच कळवलं, की एवढ्या जुन्या फोनवर यापुढे चालणार नाही. संजू नवाकोरा फोन घेऊन आला. "आता तुमची कटकट मिटली, नाना," म्हणाला आणि दिवाळी करून परत गेला. फोन खरोखरच उत्तम निघाला. आठ दिवस गल्ली गप्प. कमलबाईने मला विचारलं, "नाना गावाला गेले का काय?"

नवव्या दिवशी नाना फोन घेऊन माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला.

"सर, लय बेजार झालोय. ह्याला काईच होईना हो. बघा बरं, कुठून बिघडतोय का."

मी बरीच खटपट केली आणि शेवटी फोनची भाषाच बदलून तमिळ करून टाकली. आम्हा दोघांनाही त्यातलं अक्षर वाचता येईना. नाना खूश होऊन घरी गेले.

साडेसहाला आरोळी उठली, "अटकलं! संजू, अटकलं बघ!"

संजू टिपके सांगू लागला. तिकडे कमलबाईने उत्साहाने तोंड उघडलं, "नाना, वर उजव्या..."

मी धावत जाऊन तिच्यापुढे पिशवी धरली, नको असताना अर्धा किलो गवार घेतली आणि तिला गप्प केलं.