सावंतकाका खुर्चीवर बसत नाहीत

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत कुणी वाकून बसलेलं असलं आणि त्याच्या पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, अचानक दोन बोटं रुतली, की मागे वळून बघायची गरज नसते. ती बोटं तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतकाकांची. "चासी सरळ," एवढंच म्हणतात आणि पुढे जातात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी हे अध्यक्षांना केलंय, सत्यनारायणाची पोथी वाचणाऱ्या गुरुजींनाही केलंय. गुरुजींचा अध्याय चुकला, पण पाठ सरळ झाली.

काकांनी सगळी नोकरी बसच्या वर्कशॉपात काढली आणि बाकीचं आयुष्य पेटीसमोर. त्यामुळे माणसाचं शरीर त्यांना गाडीसारखंच दिसतं. पाठ म्हणजे चासी, कंबर म्हणजे स्प्रिंगपाटे, गुडघे म्हणजे बेअरिंग, आणि जगातली निम्मी दुखणी म्हणजे अलाइनमेंट.

पेटी वाजवायला बसणं हा त्यांचा एक सोहळाच असतो. निळ्या रेक्झिनच्या पिशवीतून चौघडी केलेल्या दोन सोलापुरी चादरी निघतात, मग जुन्या बसच्या सीटमधून कापलेला फोमचा तुकडा, मग एक उतरती लाकडी पाचर. हे सगळं बुडाखाली रचायचं, वर मांडी घालायची, आणि सुतळीने गुडघ्याची आणि कमरेची उंची मोजायची. गुडघे कमरेच्या खाली असलेच पाहिजेत. बोटभर वर आले तर सगळं मोडून पुन्हा पहिल्यापासून. तोवर तबलजींचा लावलेला तबला उतरलेला असतो आणि तबलजीही.

मी वीस वर्षं दर शनिवारी बँकेतून आले की त्यांच्याकडे गायला बसते. मालतीकाकू होत्या तेव्हा स्वयंपाकघरातून म्हणायच्या, ताठ बस गं वैशाली, नाहीतर चहा मिळायचा नाही. काकू जाऊन दोन वर्षं झाली. चहा आता काका करतात आणि तो पिण्यासारखा नसतो.

यंदा ठाण्याच्या एका मंडळाने मला रविवार सकाळची बैठक दिली. माझी एकटीची, पूर्ण दोन तासांची, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पहिली. आणि नेमकी तीन आठवडे आधी काकांची कंबर धरली. कल्याणच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की मणक्यातली गादी सरकलीये, जमिनीवर वीस मिनिटांच्या वर बसायचं नाही, वाजवायचंच तर खुर्चीवर बसून. हे मला काकांनी नाही, त्यांच्याबरोबर गेलेल्या माझ्या नवऱ्याने सांगितलं. काकांनी फक्त अलाइनमेंट जरा आउट आहे एवढंच कळवलं.

मी खुर्ची सुचवली तर काका असे बघायला लागले, जणू मी चपला घालून त्यांच्या देवघरात शिरलेय. गाणारा खाली गादीवर आणि साथीदार वर खुर्चीत, हे त्यांच्या कायद्यात बसत नाही. मुख्य कलाकारापेक्षा उंच बसायचं नाही म्हणजे नाही. मग मी म्हटलं, मीही खुर्चीवर बसते, विषय संपला. यावर ते खरोखर चिडले.

"अगं, तुझी पहिली बैठक आहे. लोक गाणं ऐकतील की बाईंच्या गुडघ्यांना काय झालंय ते बघत बसतील? मी खालीच बसणार. आणि मध्यंतर ठेवू नको सांग त्यांना. बैठक मोडते."

दुसरा पेटीवाला बघते, असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. खरं सांगायचं तर मला दुसरा नकोच होता. काकांच्या पेटीशिवाय मला माझाच आवाज परका वाटतो. म्हणजे यात माझा स्वार्थ होता, आणि त्याची मला तीन आठवडे लाज वाटत राहिली. तालमीत ते दर वीस मिनिटांनी भिंतीला टेकून उठायचे, पाठ भिंतीला लावून उभे राहायचे, आणि तिथूनच मला सुनावायचे की मी तान घेताना वाकते.

रविवारी गाडीने निघालो. खोपटजवळच्या खड्ड्यांना काका दात आवळून बसले होते आणि वर माझ्या नवऱ्यालाच विचारत होते, शॉकअप शेवटचे कधी बदललेले.

दहा वाजता पडदा उघडला. मी तोडी सुरू केली. पहिली वीस मिनिटं बरी गेली. मग भात्यावरचा त्यांचा डावा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. ऐकणाऱ्यांना कळलं नसेल, मला कळलं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं तर कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले, आणि पाठ मात्र तशीच ताठ. अजून दीड तास होता. हे आता पेटीवर कोसळणार, अशी मला भीती वाटायला लागली. डोक्यात गाणं उरलंच नाही.

मी ठरवलं, विलंबित इथेच आवरायचं. आवरतं घेणार तोच पेटीने हळूच अंतऱ्याची पहिली ओळ वाजवली. म्हणजे पुढे जा. मी न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी तीच ओळ पुन्हा वाजवली, जरा जोरात, आणि माझ्याकडे रोखून बघितलं. मी अंतरा घेतला. गळ्यात हुंदका अडकलेला होता. श्रोत्यांना तो भाव वाटला आणि टाळ्या पडल्या. त्यानंतर मी एकही गोष्ट गाळली नाही, कारण त्यांनी गाळू दिली नाही.

भैरवी संपली तेव्हा बारा वाजून गेले होते. लोक स्टेजवर आले, नमस्कार झाले, फोटो झाले. काका पेटीला गवसणी घालत होते. मला लोकांनी बाहेर खिचडी खायला ओढून नेलं, आणि अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की काका बाहेर आलेच नाहीत.

आत पंखे बंद झाले होते. पेटी केव्हाच बांधून झाली होती. काका तिथेच मांडी घालून बसले होते, दोन्ही हात पेटीवर ठेवून.

"तू कशाला आलीस? लोक थांबलेत. जा."

मी विचारलं, उठता येत नाहीये का. त्यांनी आधी गवसणीची नाडी पुन्हा बांधली आणि मग सांगितलं. सात-आठ वर्षं झाली, कार्यक्रम संपला की त्यांना आपलं आपण उठता येत नव्हतं. काकू पिशवी घ्यायच्या निमित्ताने स्टेजवर यायच्या आणि पिशवीआधी नवऱ्याला उचलायच्या. आम्ही मागून हसायचो, काय ते कौतुक, नवऱ्याला पिशवीसुद्धा उचलू देत नाहीत. दुसऱ्यांच्या पाठीत बोटं खुपसायचा नादही काकांना तेव्हाच लागलेला. काकू गेल्यापासून ते सभागृह रिकामं व्हायची वाट बघायचे, बसल्या बसल्या स्टेजच्या कडेपर्यंत सरकायचे आणि पाय खाली सोडायचे. आज सरकताही येत नव्हतं.

मी मागून त्यांच्या बगलांत हात घातले आणि ओढायला लागले.

"तसं नाही," ते म्हणाले. "पुढून ये. ही आधी माझा डावा गुडघा सोडवायची. मग माझे दोन्ही हात स्वतःच्या खांद्यावर घ्यायची. मग थांबायची."

"किती वेळ?"

"ती मोजायची नाही. माझा श्वास जागेवर आला की तिला कळायचं."

मी पेटी बाजूला सरकवून पुढे बसले. गुडघा सोडवला, हात खांद्यावर घेतले. त्यांचं कपाळ माझ्या खांद्याला टेकलं आणि वीस वर्षांत पहिल्यांदा मी सावंतकाकांची पाठ वाकलेली बघितली. बाहेरून मला हाका येत होत्या. त्यांचा श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला, आणि मी थांबले.