वायपरच्या पाण्याला थंडी

घरात काही बिघडलं की लोक मेकॅनिक शोधत फिरतात. मी फिरत नाही. दुरुस्तीला दोनच गोष्टी लागतात, डोकं आणि खोबरेल तेल. दार कुरकुरलं, तेल. शिवणयंत्र अडलं, तेल. आमच्या साखळी गावच्या बाजारातल्या माझ्या कापडदुकानाचं शटर तर निव्वळ खोबरेलावर जगलंय. त्यामुळे भाचीच्या लग्नाच्या आदल्या दुपारी गाडीच्या काचेवर वायपरचं पाणी येईना, तेव्हा मी अजिबात डगमगलो नाही. औषधाची सिरिंज घेतली, बॉनेटवरच्या दोन्ही नोझलांत तेल सोडलं, आणि उरलेलं वाटीभर पाण्याच्या टाकीत ओतलं. आतूनही वंगण नको का? मग स्टिअरिंगजवळची वायपरची काडी ओढली. दोन धारा अशा झर्रकन काचेवर आल्या की मी बायकोला हाक मारून दाखवल्या.

"बघितलंस, सुमन?"

"पिवळी साडी गाडीत ठेवली का?" ती म्हणाली. यंत्रातलं सौंदर्य तिला कळत नाही.

साडीचं मात्र तिचं बरोबर होतं. मामाने आणलेली पिवळी साडी नेसल्याशिवाय नवरी मांडवात यायची नाही, आणि मांडव होता चोपड्याला, माझ्या बहिणीच्या दारात. सकाळचा मुहूर्त. उजाडताच आम्ही निघालो. मागे सुमन, मांडीवर साडी आणि अबोलीच्या वेण्यांची टोपली घेऊन. माझ्या बाजूला तिचा धाकटा भाऊ जयराम. हा लष्करात ड्रायव्हर होता, लेहला गाड्या हाकून निवृत्त झाला. शरीराने पेडण्याला परत आला, तोंडाने अजून लेहलाच आहे.

जानेवारीची थंडी. रस्त्यावर माणसं कानांना तुवाल गुंडाळून चालली होती. डिचोली सोडली आणि खनिजाच्या ट्रकांच्या रांगेमागे आम्ही सापडलो. वरून दव, समोरून तांबडी धूळ. बघता बघता काचेवर चिखल झाला. मी ऐटीत काडी ओढली. घर्रर्र असा आवाज आला. पाणी आलं नाही. वायपर तेवढे फिरले आणि त्यांनी काच तांबड्या मातीने छान सारवून काढली.

"मोटर चालते," जयराम कान देऊन म्हणाला. "म्हणजे फ्यूज ठीक. टाकीत पाणी आहे?"

"काठोकाठ."

"मग नोझल गोठलंय, भावोजी."

मला हसू आवरेना. "जयराम, हे अस्नोडा आहे. इथे बर्फ फक्त मासळीच्या पेटीत मिळतो."

"लेहला हीच लक्षणं असायची."

"लेहला तुला सर्दी झाली तरी नोझल गोठायचं."

खिडकीतून डोकं बाहेर काढून मी तशीच गाडी हाकली. समोरून येणारे लोक मला ओळखीचा समजून हात करत होते. शेवटी रस्त्याकडेला बाबलीचं चहाचं दुकान दिसलं, तिथे थांबलो. तेवढ्यात बहीण मालतीचा फोन. "दादा, कुठे आहेस? पोरगी खोलीत साडीची वाट बघत बसलीय, आणि विहीणबाई दर पाच मिनिटांनी घड्याळ बघताहेत."

"आलोच," मी म्हटलं. हे सगळेच सांगतात, म्हणून मीही सांगितलं.

जयराम दुकानात जाऊन म्हणाला, "बाल्दीभर ऊन पाणी द्या. गाडीला हवंय."

बाबलीने किटली खाली ठेवली. "गाडयेक? थंडी भरली काय तिका?"

"हो."

"मगे आलां घालू काय त्यात?"

भाजी-पाव खाणारं सगळं गिऱ्हाईक पाव हातात घेऊन गाडीभोवती जमलं. जयरामने सुमनकडून सेफ्टी पिन मागून घेतली आणि एका नोझलात खुपसली. पिनेच्या टोकाला पांढरं काहीतरी आलं.

"बर्फ," जयराम म्हणाला. त्याचा चेहरा असा फुलला की मला भीतीच वाटली. मग त्याने ते बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. "भावोजी, या बर्फाला खोबऱ्याचा वास येतो."

गाडीतून सुमन शांतपणे म्हणाली, "तरीच काल न्हाणीतली तेलाची वाटी सापडेना. अहो, आज सकाळी मी तेलाची बाटली चुलीजवळ ठेवली, तेव्हा कुठे थिजलेलं तेल सुटलं. तुम्ही समोरच उभे होतात ना?"

उभा होतो. केस विंचरत होतो.

बाबलीचं ऊन पाणी जयरामने बॉनेटवर हळूहळू ओतलं, आणि पिनेने नोझल टोकरत, अगदी वाकून, म्हणाला, "आता ओढा." मी ओढली. आतलं पाणी रात्रभर दबा धरून बसल्यासारखं उसळलं आणि सरळ जयरामच्या मिशांत गेलं. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या.

आता पाणी येत होतं, पण तेल घेऊन. तेल आणि तांबडी माती एकत्र होऊन काचेवर बुटाचं पॉलिश तयार झालं. मग बाबलीचा भांड्यांचा साबण, काथ्या, आणखी एक बाल्दी. लग्नाच्या सदऱ्याच्या बाह्या सरसावून मी काच घासली. जयराम मिशा पुसत म्हणाला, "एका नोझलाचं तोंड जरा वर गेलंय, पिनेने. बघून वापरा."

तो काय सांगतोय याकडे लक्ष द्यायला मला वेळ नव्हता. म्हापसा, शिवोली, पूल, करत चोपड्याला पोचलो तेव्हा मुहूर्त अगदी तोंडावर आला होता. मालती धावत आली, साडी घेऊन तशीच आत पळाली. विहीणबाई सुलोचनाबाई मात्र सावकाश आल्या. साखरपुड्याला जिलबी तुटकी वाढली म्हणून दोन तास न बोललेली बाई. त्या गाडीच्या मागच्या दाराशी सुमनला भेटायला उभ्या राहिल्या. वायपर अजून फिरतच होते. मी ते बंद करायला काडी खाली करायची ती घाईत स्वतःकडे ओढली.

धार काचेवर पडलीच नाही. टपावरून कमान करून ती विहीणबाईंच्या डोक्यावर उतरली.

सनई थांबली. विहीणबाईंच्या हनुवटीवरून थेंब ओघळत होता. माझ्या डोळ्यांपुढे मोडलेलं लग्न आणि रडणारी मालती एकदमच उभी राहिली.

"गुलाबपाणी," सुमन म्हणाली. "मामाकडचं."

विहीणबाईंनी गालावरचं बोट नाकाशी नेलं. "खोबऱ्याचा वास येतो."

"घरचं आहे."

विहीणबाईंनी मान डोलावली. "ते बरं. बाजारातल्याचं हल्ली काही खरं नसतं," असं म्हणून त्यांनी पदराने तोंड टिपलं आणि सुमनला हाताला धरून मांडवात नेलं. सनई पुन्हा सुरू झाली. नवरी पिवळ्या साडीत आली, मी तिला हाताला धरून उभं केलं, अक्षता पडल्या.

पंगत उठल्यावर व्याही सदाशिवरावांनी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी खाली.

"मामा, त्या गाडीतल्या पाण्याविषयी बोलायचं होतं."

"चूक झाली," मी हात जोडले.

"चूक कसली? हिला फार आवडलं. ते यंत्र कुठे बसवून मिळतं? मे महिन्यात धाकट्याचं लग्न आहे."

मागून जयराम विड्याला चुना लावत म्हणाला, "मे महिन्यात करा. मे महिन्यात ते गोठत नाही."